दूध उतरतं तशी इमारत

राज्यभरातून आलेल्या वास्तुविशारद मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने नाशिकनगरीत आपलं मनापासून स्वागत! गोदावरी, द्राक्षं आणि मिसळ यांची ओळख नाश्त्याला झालीच असेल. त्यामुळे माझी चार मिनिटं मी वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांना देतो.

जन्म १९१६ चा, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा. 'जे. जे.'त शिक्षण, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली. १९५५ पासून शौकत राय यांच्याबरोबर स्वतःची फर्म, १९७४ साली पद्मश्री. हे तुम्हाला पाठ आहे. मला नवल वाटतं ते हा माणूस बदलत गेला याचं. अहमदाबादची 'अटिरा' ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था पाहिली की गुरूचा हात लगेच ओळखू येतो. कानपूरच्या आयआयटीत मात्र उघड्या काँक्रीटच्या चौकटीत वीट आली, आणि उत्तरेतल्या उन्हातून पोरांना सावलीने जाता यावं म्हणून इमारती छपराच्या वाटांनी जोडल्या गेल्या. तिथले पहिले संचालक पु. का. केळकर. दोन मराठी माणसांनी भांडण न करता एवढं मोठं काम तडीस नेलं, हेही नोंदवून ठेवू!

माझी आवडती इमारत मात्र मेहसाण्याची दूधसागर डेअरी. दूध वरून खाली आपल्या वजनाने उतरतं, त्या उतरण्यावर इमारतीचे मजले बेतलेले. आतली वाफ आणि उष्मा बाहेर काढणारे धुराड्यांसारखे उंच शाफ्ट माथ्यावर, आणि तेच तिचं रूप. वेगळी सजावट नाही. आणि डेअरी सहकारी दूध संघाची, म्हणजे दूध उत्पादकांची.

मी स्वतः बांधकाम व्यावसायिक. आज गिऱ्हाईक असं रूप नव्हे, काच मागतं, हे मला कोणी सांगायला नको. पण पश्चिमेच्या भिंतीला काच लावायची, एप्रिलमध्ये आतल्या माणसाला भाजायचं आणि मग एसीचं बिल त्याच्याच माथी मारायचं, याला आधुनिक म्हणायला मी तयार नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने इथे बांधकामांची घाई आहे. त्या घाईत नकाशावर सही करणारे तुम्हीच आहात.

उन्हाचं जुनं उत्तर म्हणून उद्या सकाळी जुन्या नाशकातले वाडे पाहायला निघू. काळ्या दगडाची जोती, जाड भिंती, मधला चौक. चढउताराच्या गल्ल्या आहेत, बूट जपून निवडा.