पाळतीवरचं घर



घरावर कोणीतरी टपून बसलंय, असा प्रसंग लिहायला घेतला की नवा लेखक आधी रात्र आणतो. मग दिवे जातात, कुत्रं भुंकतं, खिडकीबाहेर सावली हलते. वाचक दचकतो आणि पान उलटलं की विसरतो. माझं म्हणणं असं की, धोका दिसत असूनही माणसाला त्या घरी यावंच का लागतं, ते कारण वाचकाला पटलं की भरदुपारीसुद्धा छातीत धडधडतं. याचं उदाहरण शोधायला आपल्या मुलखाबाहेर जायला नको.

१९४३ साल. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते आणि फलटण हे संस्थान होतं. यशवंतराव चव्हाण भूमिगत होते. वेणूताईंशी त्यांचं लग्न २ जून १९४२ ला झालेलं. दोन महिन्यांत ‘छोडो भारत’ची चळवळ पेटली. १९४३ च्या जानेवारीत वेणूताईंना अटक झाली. सुटून आल्यावर त्या फार आजारी पडल्या, फलटणला माहेरी होत्या. मे महिन्यात यशवंतराव त्यांना भेटायला फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले.

भूमिगत माणूस डोंगरात असेल, उसात असेल, कोणाच्या मळ्यातल्या वस्तीवर असेल. त्याचा माग काढणं महाकठीण. पण त्याचं घर, त्याची सासुरवाडी, तिथं अंथरुणाला कोण खिळलंय, हे सगळ्या गावाला ठाऊक. पाळत ठेवणाऱ्याला रानोमाळ भटकायची गरज नाही. घरातली माया त्या माणसाला ओढून आणणार, एवढ्या भरवशावर तो बसून राहतो. मला यातली क्रूरता कुठल्याही काळोखापेक्षा भयंकर वाटते.

आता खरी नावं बाजूला ठेवू आणि असाच एक प्रसंग कल्पनेनं रचू. देवळाच्या पारावर साध्या कपड्यातला एक शिपाई बसलाय. समोरच्या घरात आजारी बाई. त्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही, म्हणून तो बाहेर येणाऱ्या खुणा वाचतो. आज रतीबाचं दूध जास्त घेतलं. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, त्या घराच्या दांडीवर एक ओलं धोतर वाळत पडलंय. हे धोतर वाचकाला आधी दाखवा, घरातल्यांच्या लक्षात मागाहून येऊ द्या. शिपायाला ते अजून दिसलेलं नाही. तो बिडी पेटवतोय. तेवढ्यात म्हातारी सासू कपडे काढायला अंगणात येते आणि शेजारीण तिला हाक मारते. सुनेचा ताप कसा आहे, काढा दिला का, हे बोलणं लांबवा, खुशाल अर्धं पान लांबवा. दोघींच्या बोलण्यात काहीच भयंकर नाही. वाचक मात्र मनातल्या मनात ओरडत असतो, आजी, आधी धोतर काढा!

हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बबद्दल सांगायचा ते हेच. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही ऐकवत नाहीत.

आपल्या गावगल्लीची आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र कथांमधून फार दुर्लक्ष होतं. इथं परक्या माणसाला लपून बसताच येत नाही. पारावर तो बसला की पाणी भरणाऱ्या बायकांना तासाभरात कळतं. पाहणाऱ्यावरही पाहणारे असतात. इंग्रजांना न जुमानता सातारा जिल्ह्यात चाललेलं प्रतिसरकार टिकलं, त्यात गावोगावच्या या नजरांचा वाटा होता.

याचीच उलट बाजू भवानीनगरला दिसते. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांनी १९४३ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग उभं केलं. नवरा झालेला सोबती त्यांना मारत होता, त्या ओरडत होत्या. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली हत्यारं पळवली. ज्यांनी लोकांच्या घरांवर नजर ठेवायची, त्यांचीच नजर रस्त्यावर खिळवून ठेवली. हा प्रसंग कोणी लिहिणार असेल, तर माझी विनंती आहे, आत शिरणाऱ्यांच्या मागं जाऊ नका. सगळ्यात आधी बाहेर धावलेल्या हवालदाराच्या शेजारी उभे राहा. मार खाणाऱ्या बाईचा त्याला मनापासून कळवळा आलाय, असं लिहा.