देवाच्या हातातील आयुधे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या सासरी तांबटकाम चालते, आणि गणपतीच्या हातातले पितळी पाश-अंकुश घडताना मी 20 वर्षे पाहत आले आहे. चिंच लावून ते घासण्याचे काम तर माझेच. म्हणून त्याविषयीच दोन शब्द सांगते.

गणपती अथर्वशीर्षात देवाचे चार हात सांगितले आहेत. एका हाती पाश, एका हाती अंकुश, एका हाती दात, आणि चौथा हात वर देणारा. अंकुश माहुताच्या हाती असतो, त्याने हत्ती ताब्यात राहतो. इथे मात्र हत्तीच्या मुखाचा देव स्वतःच अंकुश धरून बसला आहे. स्वतःवर ज्याचा ताबा, तोच दुसऱ्याला वळण लावील, असा मी त्याचा अर्थ घेते. पाश म्हणजे फास, भरकटलेल्याला मागे ओढून आणणारा. मुले वाढविणाऱ्या बाईला हे निराळे समजावून सांगायला नको!

आता हे घडते कसे ते ऐका. अंकुशाची दांडी भरीव नसते. पातळ पितळी पत्रा सळईभोवती वळवून नळी करतात आणि सांध्याला टाकणखार लावून डाग देतात. ठोकून ठोकून पितळ ताठर होते, मग ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते. तसे न केले तर पत्रा चिरतो. नक्षी काढायची तर पत्रा राळेवर बसवून छिन्नीने उठाव देतात. पाशाला दोन तारा पिळून दोरीसारखा वळ आणतात.

एवढी खटपट कशासाठी? तर वजनासाठी. शाडूचा हात वाळला की ठिसूळ होतो, जड आयुध त्याला पेलत नाही. मुठीतले भोकही माती ओली असतानाच काडी घालून ठेवावे लागते, आणि तेही जरा मोठे, कारण वाळताना माती आकसते. वाळल्यावर भोक पाडायला गेले तर बोटेच तुटायची. म्हणून मूर्तिकार आणि तांबट यांचे माप आधी जुळले पाहिजे.

भगिनींनो, एक गोष्ट मनाला लागते ती बोलते. देवाच्या मखराला नि रोषणाईला आपण हात आखडत नाही, आणि तीन दिवस खपून केलेल्या अंकुशाची मजुरी मात्र कमी करायला लावतो. मूर्ती पाण्यात जाते. उत्तरपूजेनंतर आयुधे काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवली, तर ती सुनेच्या हातीही तशीच जातात. मग घासाघीस नेमकी तिथेच का? माझ्या धाकट्या दिरांनी याच पायी हातोडी खाली ठेवली आणि कारखान्याची वाट धरली.

म्हणून मंडळाला विनंती, की यंदा आपल्या गणपतीची आयुधे आषाढातच सांगावी, मूर्तिकाराकडून मुठीचे माप घेऊन द्यावे, आणि ठरलेली मजुरी पुरती द्यावी. आमच्याच घरी सांगावी असे नव्हे. कोणाही कारागिराकडे सांगा, पण त्याचा हात चालता ठेवा.