वाळलेल्या बोंबलाचा पंचनामा



भोकरच्या संमेलनात अध्यक्षाने समुद्रावर बोलायला घेतले, तर खालच्या रांगांत कुजबुज होणारच. इथले पाणी म्हणजे सुधा प्रकल्पाचे, नाहीतर तिकडे नांदेडला विष्णुपुरीचे. मासा म्हणजे तळ्यातला रोहू-कटला, फार तर गोदावरीतली मरळ. तरीही समुद्र भोकरपर्यंत येतो. सुकट आणि बोंबील होऊन तो आठवडी बाजारात पोते अंथरून बसतो आणि दोन गल्ल्या आधीच त्याची वर्दी लागते.

त्या ढिगातला एक बोंबील उचलून वितीवर ठेवून पाहावा. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. म्हणजे वितीला दोन-तीन बोटे कमी. तळे ठेक्याने घेणाऱ्या इथल्या मच्छीमार संस्थांना हे शिकवावे लागत नाही. बोटुकली, म्हणजे माशांची पिले, सोडणारा माणूस ती मोठी होईपर्यंत जाळे टाकत नाही, कारण पैसे त्याने स्वतः मोजलेले असतात. समुद्रात मात्र बोटुकली कोणी सोडलेली नसते. बाजारातला बोंबील वितीच्या निम्म्यावरच संपला, तर विकणारी मावशी म्हणेल, ‘वाळल्यावर आक्रसतो की हो.’ तिचे म्हणणे खोटेही नाही. भोकरला पोहोचेपर्यंत पुरावाच वाळून गेलेला असतो.

पंचनामा हा शब्द मराठवाड्याला कोणी समजावून सांगायला नको. तलाठी बांधावर येतो, गट नंबर लिहितो, आडवे झालेले सोयाबीन सगळ्यांना दिसत असते. तरी त्यात किती घोळ होतो, हे इथल्या माणसांनी भोगले आहे. आता तोच पंचनामा लाटांवर करायचा. बांध नाही, गट नंबर नाही, पंच म्हणून बोलवायला शेजारचा शेतकरी नाही. गस्तीनौका पोहोचेपर्यंत जाळे वर ओढलेले आणि दिवे विझवलेले. ‘आम्ही नुसते इथून चाललो होतो,’ असे बोट चालवणाऱ्या तांडेलाने म्हटले, की पकडणाऱ्याने सिद्ध काय करायचे?

गंमत म्हणजे १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात अशा प्रकरणांचा निवाडा कित्येक वर्षे तहसीलदाराकडेच होता. त्याच्या टेबलावर रेशनकार्ड, सातबारा, निवडणूक आणि त्याखाली कुठेतरी ट्रॉलर. २०२१ च्या दुरुस्तीने ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले आणि दंडही जबर वाढवला. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडले तर पाच ते वीस लाख रुपये. ही सुधारणा चांगलीच झाली. फक्त तिला यायला चाळीस वर्षे लागली.

या साऱ्याचा कस लागतो तो मालवणात. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचा भाग गाभ्याचा. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतालचे पाण्याखालचे खडक येतात. तिथे प्रवाळ आहे, माशांची पिले तिथे वाढतात. कागदावर याहून नेटकी जागा निवडता आली नसती. पण त्याच पाण्यात पिढ्यान्पिढ्या रापण ओढली जाते. होडीतून जाळे अर्धगोलात टाकत न्यायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायचे. गुडघाभर पाण्यात पाय रोवलेले, दोर तळहाताला काचतो आहे. आणि शेवटी मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. या माणसांना अभयारण्याची रेघ आपल्या घरातून गेल्यासारखी वाटली, तर त्यात नवल ते काय? विरोध पहिल्यापासून झाला आणि अजूनही पुरता मावळलेला नाही.

खरे तर वन्यजीव कायद्यातच, सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याच्या हिताची काळजी घ्यावी, असे लिहिलेले आहे. ती ओळ वाचायला सवड कोणाला आहे, हा प्रश्न आहे. अभयारण्य वन खात्याचे, मासेमारीचा परवाना मत्स्य खात्याचा, किनारा सागरी पोलिसांचा, आणि बारा सागरी मैलांपलीकडे केंद्राचा अंमल. बाहेरून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरला यांतली कोणतीच रेघ आडवी येत नाही. आडवी येते ती होडीवाल्याला. तो जवळ असतो, सावकाश जातो आणि सहज सापडतो.

पर्ससीन जाळ्यांचेही असेच. पाण्यातच मासळीच्या थव्याभोवती बटव्यासारखे आवळले जाणारे हे जाळे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्याला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम उरला. ४९४ परवाने आधी २६२ वर आणि शेवटी १८२ वर आणायचे ठरले. रत्नागिरीच्या पर्ससीनवाल्यांनी याला अन्याय म्हटले, मालवणच्या रापणकरांनी उशिराचा न्याय म्हटले. या वादात अध्यक्ष रापणकरांच्या बाजूचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका नियमाचा अनुभव मात्र वेगळा आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापून तो सोडला, तर २०१८ पासून राज्यात पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो तोच काढतो. म्हणजे पंचनामा करणारा आणि जाळे टाकणारा एकच. इतक्या स्वस्तातली राखण दुसरी सापडणार नाही.

राखणीचे एक दूरचे उदाहरण किरिबातीचे. प्रशांत महासागरातल्या या चिमुकल्या देशाने फिनिक्स बेटांभोवती चार लाख चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठे पाणी राखीव केले आणि १ जानेवारी २०१५ पासून तिथली व्यापारी मासेमारी बंद केली. गस्तीची बोट एकच. त्याच वर्षी तिने ‘मार्शल्स २०३’ हे पर्ससीन जहाज पकडले आणि देशाला त्यातून वीस लाख डॉलर मिळाले. बोटी खरोखरच बाहेर गेल्या, हे उपग्रहाच्या नोंदींतही दिसले. पण परवान्यांचे उत्पन्न बुडते, असे सरकारचे म्हणणे पडले. २०२१ मध्ये त्याच देशाच्या सरकारने ते पाणी पुन्हा खुले करण्याचे जाहीर केले. पहारा जमला, पोटाची सोय जमली नाही.

उपग्रहाची नजरही सर्वसाक्षी नाही. २०२४ च्या आरंभी ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जहाजे जाहीर मागोव्यात दिसतच नाहीत. आपल्याकडे त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमधून एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. यंत्र बोटीवर बसेल, पण ते दाखवील ती जागा. जाळ्याचा आस, म्हणजे त्याचे भोक, केवढा आहे आणि आतला बोंबील किती लांब आहे, हे धक्क्यावर मासळी उतरताना पट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाच कळणार. तशी माणसे भरा, ही मागणी या व्यासपीठावरून गेली तर समुद्राची थोडी सेवा होईल, आणि इथल्या बाजाराचीही.

आणि एक नोंद. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनचा पहारा सुरू केला. पहिल्या यादीत नऊ ठिकाणे होती: शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे आणि देवगड. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते आणि देवगडला थांबते. मालवण त्याच्याही दक्षिणेला आहे.