आधी वाचावे, मग सही करावी



आज आपण कराराविषयी बोलू. करार म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेला लेखी शब्द.

आपण जमीन बटाईने देतो. बियाणे कोणाचे, खत कोणाचे, धान्यात वाटा किती, हे आधी ठरवतो. ठरवले नाही तर खळ्यावर भांडण होते. सरकार आणि सेवाभावी संस्था मिळून काम करतात, तेव्हाही असेच आहे.

सरकारजवळ पैसा असतो. पण सरकारी माणूस रोज प्रत्येक वाडीवर येऊ शकत नाही. संस्थेची माणसे गावात वावरतात. कोणाचे मूल अशक्त आहे, कोणाची मुलगी शाळेत येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. पण संस्थेची पेटी रिकामी! म्हणून एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे हात, अशी जोडी जमते.

ही जोडी नीट जमली तर काय होते? नगर तालुक्यातले हिवरे बाजार पाहा. महाराष्ट्र सरकारने १९९२ साली आदर्श गाव योजना सुरू केली. त्यात गाव, संस्था आणि सरकार यांनी मिळून काम करायचे होते. सरकारने पैसा द्यायचा. गावाने श्रमदान करायचे, झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, गुरे मोकाट सोडायची नाहीत, दारू बंद करायची, कुटुंब लहान ठेवायचे. हिवरे बाजार १९९४ साली या योजनेत आले. लोकांनी चर खणले, बांध घातले, पाणी अडवले. पोट भरायला बाहेर गेलेली माणसे परत आली. गावाचे पुढारी पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. कोणी काय द्यायचे आणि काय पाळायचे, हे तिथे आधी ठरले होते. आणि ते पाळलेही गेले.

आता आमची फजिती ऐका. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही शाळेत हेडमास्तर होतो आणि एका लहान संस्थेचे चिटणीसही होतो. संस्थेने सरकारी अनुदानावर बालवाडी काढली. करार छापील होता. आम्ही शेवटचे पान उघडले, सही ठोकली आणि मोकळे झालो.

बालवाडी सुरू झाली. मुले आली. अनुदान मात्र येईना. एक महिना गेला, चार गेले, सहा गेले. खाऊ शिजवणाऱ्या मावशी वाण्याकडून उधारीवर डाळ आणत होत्या. त्यांचा स्वतःचा पगारही थकला होता. त्या रात्रीच्या साक्षरता वर्गाला येत. एका रात्री म्हणाल्या, "गुरुजी, वाणी आता डाळ देईना. पैसे कधी द्यायचे, ते कागदात लिवलंय का?"

आम्ही कागद त्यांच्या हाती दिला. मावशींनी अक्षराखाली बोट धरले. एकेक अक्षर जुळवत वाचले, "निधीच्या उपलब्धतेनुसार."

"म्हंजे काय, गुरुजी?"

"म्हणजे पैसा असेल तर मिळेल."

"आन् बालवाडी कवा चालवायची?"

आम्ही पुढची ओळ वाचली. "रोज. एक दिवसही बंद ठेवायची नाही."

मावशी म्हणाल्या, "म्हंजे आपलं रोज, आन् त्यांचं असलं तर!"

आम्ही काय बोलणार? मॅट्रिक झालेल्या मास्तराने जे वाचले नव्हते, ते नव्याने अक्षरे शिकलेल्या बाईने वाचून दाखवले. आणि खोटे का बोला? खर्चाचा हिशेबही आम्ही दोन महिने उशिरा पाठवला होता. चूक एकट्या सरकारची नव्हती.

पैसे शेवटी आले. वाण्याची उधारी फिटली. पण पुढच्या वर्षी सही करण्याआधी आम्ही कचेरीत गेलो. "छापील कागद बदलत नाही," असे पहिल्यांदा ऐकले. तीन खेपा घातल्या. मग एक ओळ वाढली: पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी द्यावा. एवढ्या एका ओळीने मावशींची उधारी थांबली.

असा विचार मोठ्या पातळीवरही झाला आहे. इंग्लंडात १९९८ साली सरकार आणि संस्था यांच्यात एक लेखी समजूत झाली. संस्थेने सरकारचा पैसा घेतला, तरी सरकारची चूक दाखवण्याचा तिचा हक्क राहतो, असे त्यात मान्य केले. आपल्या केंद्र सरकारनेही २००७ साली स्वयंसेवी संस्थांविषयी राष्ट्रीय धोरण मंजूर केले. संस्थांचा सल्ला घ्यावा, त्यांच्याबरोबर काम करावे, त्यांना पैसा द्यावा, असे तीन मार्ग त्यात सांगितले. संस्था म्हणजे सरकारची गडी नव्हे, आणि सरकार म्हणजे संस्थेचा सावकार नव्हे. दोघे भागीदार आहेत.

मंडळी, उद्या तुमचे महिला मंडळ किंवा तुमची संस्था करार करील. तेव्हा पाच गोष्टी पाहा.

१. काम कोणते आणि किती दिवसांचे?
२. पैसा किती आणि कोणत्या तारखेला?
३. हिशेब कोणी, केव्हा, कोणाला द्यायचा?
४. पैसा उशिरा आला तर काय करायचे?
५. भांडण झाले तर कोणाकडे जायचे?

कराराची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचा. सरकारने केलेल्या कराराची प्रत हवी असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करून मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्यासाठी फी पडत नाही.

अंगठा उठवणाऱ्याला पूर्वी लोक फसवत. आता तुम्ही सही करायला शिकलात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत काय फरक? अवघड शब्द आला तर थांबा. शेजाऱ्याला विचारा, मास्तरांना विचारा, साहेबांना विचारा. विचारायला लाजू नका. आमच्या मावशी लाजल्या नाहीत, म्हणून आमची बालवाडी टिकली.