बांधीतला चिखल आणि चन्याची मुळी

चिमूर तालुक्यातल्या मैत्रिणींनो,

धान निघालं की बांधीत चना टाकायचा, हे आपलं नेहमीचंच. पण माती कडक होते, भेगा पडतात आणि चना वीतभर वाढून वाळतो. आपण बियाण्याला दोष देतो. आज जरा मातीकडं बघू.

मातीत लहानमोठ्या पोकळ्या असतात. मोठ्या पोकळीतून पाणी खाली जातं, हवा खेळते. लहान पोकळीत ओल टिकते. चिखलणीत मातीचे कण सुटे होतात आणि गाळ या पोकळ्यांत बसतो. म्हणून बांधीत पाणी थांबतं. धानाला तेच हवं असतं. पण दरवर्षी त्याच खोलीवर ओल्या मातीत नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॅक्टरचं वजन फिरलं की खाली घट्ट थर बसतो. चन्याची मुळी त्यावर अडते आणि आडवी पसरते. खालची ओल तिला मिळत नाही.

हे घरीच तपासता येतं. जमीन ओली असताना लोखंडी सळई हातानं दाबा, आधी बांधीत, मग शेजारच्या न नांगरलेल्या जागी. कुठं अडते ते बघा.

चन्यासाठी नांगरण्याआधी वाफसा पाहा. मुठीत मातीचा गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे; चपटा पडला तर थांबा. ट्रॅक्टर भाड्यानं मिळाला म्हणून ओलीत घालू नका, आणि गरजेपेक्षा जास्त पाळ्या मारू नका.

नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र पुढं आणलं. त्यात कायम गादीवाफे असतात. नांगरणी, चिखलणी, रोवणी नाही. मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजतात आणि त्यांच्या जागी हवापाण्याच्या वाटा राहतात.

पण दुसरी बाजूही सांगते. चिखल नसला की तण वाढतं आणि तणनाशकाची फवारणी येते. शिवाय रोवणी थांबली की आपल्या हातची मजुरीही जाते. बांधी माणसाच्या नावावर आणि रोवणी आपल्या कंबरेवर, म्हणून हा निर्णय आपल्याला विचारूनच व्हायला हवा.

गटानं सुरुवात एका कोपऱ्यापासून करावी. अर्धी बांधी नेहमीसारखी, अर्धी गादीवाफ्याची. खर्च, मजुरी, तण आणि चना वहीत लिहा. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा.

पुढच्या बैठकीला सळई घेऊन या.