एका बटणाची नेमणूक

स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे ठेवायचा, हे घर बांधणारा ठरवत नाही. रोज स्वयंपाक करणारा माणूस ठरवतो. कॅमेऱ्याच्या बटणांचंही असंच असायला हवं. पण आपण कारखान्यातून आलेली मांडणी वर्षानुवर्षं तशीच ठेवतो.

बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांवर 'एफएन' किंवा 'फंक्शन' असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. निकॉनच्या 2006 सालच्या डी 40 या साध्या कॅमेऱ्यावरही ते होतं. त्या बटणाला कोणतं काम द्यायचं, हे मेनूत जाऊन आपल्याला निवडता येतं.

याचा उपयोग काय? शहाडजवळून उल्हास नदी वाहते. समजा, सकाळी काठावर तुम्ही बगळ्याचा फोटो काढताय. बगळा पांढरा, पाणी काळपट. कॅमेऱ्याला चौकटीत काळोखच जास्त दिसतो, म्हणून तो सगळंच चित्र उजळ करतो. परिणामी बगळ्याचं एकेक पीस दिसण्याऐवजी नुसता पांढरा ठिपका उरतो. उपाय सोपा आहे : एक्स्पोजर थोडं उणे करायचं. पण त्यासाठी डोळा कॅमेऱ्यापासून काढून मेनूची पानं उलटत बसलात, तर बगळा थांबणार नाही. तेच काम बोटाखालच्या बटणाला दिलेलं असेल, तर डोळा पक्ष्यावरच राहतो.

दुसरी अडचण फोकसची. शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. मध्ये जलपर्णीचं पान आलं की फोकस पानावर जातो. म्हणून काहीजण फोकसचं काम शटरपासून तोडून अंगठ्याखालच्या मागच्या बटणाकडे सोपवतात. ही सोय कॅननने 1989 साली फिल्मच्या ईओएस 630 कॅमेऱ्यात दिली होती. म्हणजे कल्पना डिजिटल युगाच्याही आधीची आहे.

मग कोणतं काम निवडायचं? आठवडाभर लक्ष ठेवा, मेनूत तुम्ही वारंवार कशासाठी जाता? बारशाचे, मुंजीचे फोटो घरातल्या अंधुक प्रकाशात काढत असाल, तर आयएसओ. पिवळ्या दिव्यांखाली रंग बिघडत असतील, तर व्हाइट बॅलन्स. पक्ष्यांसाठी एक्स्पोजर. एका वेळी एकच बदल करा आणि बोटाला सवय होईपर्यंत तो हलवू नका. सगळीच बटणं एकदम बदलली, तर ऐन वेळी आपलाच कॅमेरा परका वाटतो.

एक पथ्य मात्र पाळा. कॅमेरा घरात दोघं-तिघं वापरत असतील, तर बदल सगळ्यांना सांगा. फोकस मागच्या बटणावर नेलेला असेल आणि ते ठाऊक नसलेल्याने नुसतं शटर दाबलं, तर नातवाचं पहिलं पाऊल धूसर येईल. ते पाऊल पुन्हा पहिलं होत नाही.

आज घरी गेल्यावर कॅमेऱ्यासोबत आलेली पुस्तिका शोधा आणि त्यातलं बटणांचं पान तेवढं वाचा.