नाडी आपल्या बोटांखाली : जिमशिवाय व्यायाम आणि हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आरोग्यावर बोलण्याची जबाबदारी संस्थेने माझ्यावर टाकली, याबद्दल मी आभारी आहे. प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे माझे काम. अशा बैठ्या माणसाने स्वतःच्या शरीराचा हिशेब कसा ठेवावा, याविषयी जे वाचले आणि समजून घेतले तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आज आपल्या वस्त्यांमध्येही दोन समजुती पसरल्या आहेत. व्यायाम करायचा तर जिमची फी भरली पाहिजे, ही पहिली. मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ बांधले की अर्धा व्यायाम झाला, ही दुसरी. दोन्हींचा परिणाम एकच होतो. ज्या घरात मुलांची फी, घरभाडे आणि म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे यांतून पैसा उरत नाही, त्या घरातला कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई व्यायामाचा विचारच सोडून देते. ‘ते आपले काम नव्हे’ असे म्हणते. मित्रहो, हृदयविकार मात्र पगारपत्रक पाहून येत नाही. म्हणून पैशाशिवाय काय करता येते ते आधी पाहू आणि यंत्राची गोष्ट शेवटी बोलू.

व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणारे एक प्रसिद्ध संशोधन कोणत्याही जिममध्ये झाले नाही. ते लंडनच्या बसमध्ये झाले. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, आणि झाला तरी तो पुष्कळदा उतारवयात व सौम्य स्वरूपात. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन व टपाल खात्यातील बैठे कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला. आमच्या कारकुनी पेशाने हे मनावर घ्यावे.

मॉरिस यांनी तेथेच थांबून टाळ्या घेतल्या नाहीत. १९५६ साली त्यांनी दोघांच्या गणवेशाची मापे तपासली. ड्रायव्हर मंडळी नोकरीला लागतानाच कमरेने जाड होती असे दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पुढे १९७३ साली त्यांनी ब्रिटनमधील बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम सर्वांचे खुर्चीतलेच. परंतु फावल्या वेळात जे दमदार व्यायाम करत, त्यांच्यात हृदयविकार कमी होता. खुर्चीतली नोकरी असली तरी वाट बंद होत नाही, हा त्याचा अर्थ.

आता किती व्यायाम करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी सरासरी रोज ६० मिनिटे हालचाल करावी. सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजायची, ही जुनी अट आता राहिलेली नाही. पाच मिनिटांचा जिनाही जमेच्या बाजूला धरला जातो. पाण्याच्या कळशा वाहणाऱ्या आणि फरशी पुसणाऱ्या आपल्या माता-भगिनींचे श्रमही जमेतच आहेत. मात्र ते श्रम करून थकलेल्या बाईला घरच्यांनी रोज अर्धा तास मोकळ्या चालण्यासाठी मिळवून द्यावा, अशी माझी पुरुषमंडळींना विनंती आहे.

घरच्या घरी काय करावे? भरभर चालणे हा पाया. मिनिटाला सुमारे शंभर पावले पडली तर सर्वसाधारण प्रौढाचा वेग मध्यम श्रमाचा धरतात. चाळीचा किंवा इमारतीचा जिना आहेच. ताकदीसाठी तालमीतल्या बैठका आणि जोर यांना आजही तोड नाही. ज्यांना जोर जमत नाहीत त्यांनी भिंतीला हात टेकून छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावे. महिन्याभराने भिंतीऐवजी भक्कम टेबलाची कड धरावी. ज्यांना बैठका जमत नाहीत त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून उठावे, बसावे. दहा वेळा केले की मांड्या बोलू लागतात. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे पोटऱ्यांसाठी उत्तम. वजन हवे असेल तर पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली जवळजवळ एक किलोची असते, आणि विद्यार्थ्यांच्या दप्तरात पुस्तकांचे वजन तयारच असते. सुरुवातीची पाच मिनिटे हळू आणि शेवटची पाच मिनिटेही हळू ठेवावी. धावता धावता एकदम थांबले तर रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते.

हे श्रम आपल्याला झेपतात की नाही, हे ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बोलणे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तर श्रम जोरकस.

दुसरा उपाय नाडीचा. आपल्याकडे नाडीपरीक्षा जुनी आहे. परंतु मिनिटाला इतके ठोके असा आकडा घड्याळामुळे आला. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी तर १७०७ साली खास नाडी मोजण्यासाठी घड्याळ वापरात आणले. आपल्या घरी सेकंदकाटा असलेले घड्याळ असतेच. तळहात वर करावा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हलके ठेवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याची स्वतःची धडधड घोटाळा करते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट मोजावे. व्यायाम थांबवल्यावर मात्र लगेच १५ सेकंद मोजून चारने गुणावे, कारण नाडी झपाट्याने उतरते.

विश्रांतीच्या वेळी प्रौढाची नाडी साधारणपणे ६० ते १०० असते. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, म्हणून हा आकडा सावकाश खाली येतो. कारकुनी हिशेब करून पाहा. मिनिटाला ७० म्हणजे दिवसाला १,००,८०० ठोके. ६२ झाले तर ८९,२८०. रोज ११,५२० ठोक्यांची बचत! ही बचत रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्यातून जमू शकते.

व्यायामाच्या वेळी किती ठोके असावेत, यासाठी २२० वजा वय हे सूत्र सर्वत्र सांगतात. ४५ वर्षांच्या माणसाचा कमाल आकडा १७५ येतो. मध्यम श्रम म्हणजे कमाल आकड्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११२ ते १३३. जोरकस श्रम ७७ ते ९३ टक्के, म्हणजे १३५ ते १६३. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे सूत्र मांडले: २०८ वजा वयाच्या सात दशांश. पंचेचाळिशीला दोन्हींत फारसा फरक नाही; परंतु वयाच्या २० व्या वर्षी २०० ऐवजी १९४ आणि ६५ व्या वर्षी १५५ ऐवजी १६२ येतात. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणून आकड्यासाठी जीव काढू नये.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे विशेष सांगायचे आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते, आणि पुष्कळ जण रोजच परीक्षा असल्यासारखे जीव तोडून धावतात. मग गुडघा किंवा नडगी दुखावते आणि ऐन मैदानी चाचणीच्या वेळी घरी बसावे लागते. आठवड्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतके सावकाश धावा. एक किंवा दोन दिवसच वेगाचे ठेवा. अंतर थोडे थोडे वाढवा. सकाळची नाडी नेहमीपेक्षा बरीच वाढलेली दिसली, तर शरीराला विश्रांती हवी आहे किंवा आजार डोकावतो आहे असे समजा.

आता यंत्राकडे वळू. छातीवरचा पट्टा हृदयातून निघणारे विजेचे सूक्ष्म संकेत टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली असे बिनतारी यंत्र खेळाडूंसाठी बाजारात आणले. मनगटावरचे घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश सोडते आणि रक्ताच्या लहरीबरोबर परत येणाऱ्या प्रकाशातला फरक मोजते. पट्टा अधिक अचूक असतो, विशेषतः वेग बदलत असताना. घड्याळ सोयीचे असते. परंतु ते सैल बांधले, हात गार असला किंवा जोर काढताना मनगट वाकले तर चुकते. कधी ते नाडीऐवजी धावण्याची पावलेच मोजते.

घ्यायचेच असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. ठोक्यांचा आकडा व्यायाम करताना सहज दिसतो का? पट्ट्याची बटण-बॅटरी आपल्याला बदलता येते का आणि सुटा पट्टा मिळतो का? आपल्या मोबाइलशी ते ब्लूटूथने जुळते का? घाम आणि पाणी सोसते का? दुकानातच बोटांनी नाडी मोजून यंत्राशी ताळा करावा. ‘इतक्या कॅलरी जळल्या’ या आकड्यावर विसंबू नये. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात यंत्रे तपासली. त्यांपैकी सहांची ठोक्यांतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती; परंतु कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकत होते. हप्त्यावर महागडे घड्याळ घेण्यापूर्वी पायात चांगले बूट आहेत का, हे आधी पाहावे.

सावधगिरीचेही सांगतो. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी, ठोके कमी ठेवतात. त्यांना वरील सूत्रे लागू पडत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी व्यायाम व यंत्र दोन्हींबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असे काही जाणवले तर यंत्र काहीही दाखवो, ताबडतोब थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘गॅस झाला असेल’ म्हणून रात्र काढू नये.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक घराने यंत्र घेण्याची गरज नाही. संस्थेने छातीवरचा एक पट्टा घ्यावा, वाचनालयातील पुस्तकाप्रमाणे नोंद करून तो आठवडाभरासाठी द्यावा आणि धुऊन परत घ्यावा. सभागृहात सेकंदकाट्याचे एक मोठे घड्याळ लावावे. दर महिन्याच्या सभेपूर्वी सभासदांनी पाच मिनिटे आपापली नाडी मोजून वहीत लिहावी. इतिवृत्त लिहितो तशीच ही नोंद. वर्षभराने ती वही उघडली, तर आपण चाललो की नुसते बोललो, हे आपल्याला कळेल.